बुधवारची सुरमई, तव्याशिवाय

आज करिअर नाही, कोड नाही आणि अप्रेझल तर अजिबातच नाही. आज मासा. मागच्या एका भागात मी सहज बोलून गेलो होतो की हल्ली बुधवारी रात्री मासे मी करतो, ओव्हनमध्ये. त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं एकदा नीट सांगून टाकू.

आधी घरची परिस्थिती. आम्ही चौघं. आई, बाबा, आजी आणि मी. डोंबिवलीत वन बीएचके. गाव मालवणकडचं. सोमवार, गुरुवार, शनिवार मासे बंद, त्यामुळे बुधवार आणि रविवार हे आमच्याकडे जवळजवळ सणच. रविवारी वेळ असतो. बुधवारी मी ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलून घरी येईपर्यंत आठ वाजतात आणि तोवर आई तव्यासमोर उभी असते.

जानेवारीत आई बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पहिल्या बुधवारी बाबा सवयीने सुरमई घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. तळणार कोण? बाबांना चहा येतो. आजी ८२ वर्षांची. उरलो मी. हॉस्टेलच्या चार वर्षांत मॅगी आणि ऑम्लेटवर बीटेक काढलेला माणूस.

तळायचा प्रयत्न मी केला. त्याबद्दल फार बोलत नाही. रवा तव्याला, मासा कालथ्याला आणि तेल माझ्या मनगटाला. आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दारात उभी राहून ‘गॅस कमी कर, गॅस कमी कर’ म्हणत होती. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. आमचा तवा लहान, एका वेळी तीन तुकडे मावतात. एक घाणा सात-आठ मिनिटांचा. म्हणजे पहिला गरम तुकडा ताटात पडतो तेव्हा तळणारा अजून तीन घाणे लांब असतो. मी सगळ्यांत शेवटी जेवायला बसलो तेव्हा बाबांचा हात धुऊन झाला होता आणि आजी औषध घेत होती. मी एकटाच जेवलो. आई हे किती वर्षं करत होती ते मी मोजलं नाही. म्हणजे मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही आईला एक ओटीजी घेतला होता. त्यात दोनदा केक झाला आणि मग त्यावर वर्तमानपत्रं ठेवायला लागलो. म्हटलं, त्याचं काहीतरी करू. या ट्रेमध्ये सहा तुकडे एकदम मावतात. विषय तोच होता, मासा सगळ्यांचा एकाच वेळी व्हायला हवा.

पहिला प्रयोग साफ फसला. थंड ओव्हनमध्ये मसाल्याने थबथबलेली सुरमई ठेवली, १८०वर ३५ मिनिटं. ट्रेमध्ये पाणी सुटलं, वरून करडा रंग आणि आतून लाकडाचा भुसा. बाबा एक घास खाऊन म्हणाले, ‘हॉस्पिटलात देतात तसा झालाय.’ आजीने विचारलं, ‘तेल खंय गेला रे?’ आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

मग मी जे कामावर करतो तेच केलं. नेमकं कुठे बिघडलं ते शोधलं. दोन बग होते.

पहिला, वेळ. मासा म्हणजे मटण नव्हे. त्यातले तंतू आखूड, त्यांना धरून ठेवणारा चिवट भाग फार थोडा, त्यामुळे तो झटकन शिजतो आणि तितक्याच झटकन कोरडा पडतो. वेळ वजनावर नाही, जाडीवर ठरवायची. कॅनडातला एक जुना नियम आहे. तुकड्याच्या सगळ्यात जाड जागी मोजायचं, आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये, म्हणजे २३०च्या आसपास, एका इंचाला १० मिनिटं. मी २२०वर लावतो. आमच्या मावशी सुरमई साधारण दोन सेंटीमीटर जाड कापून देतात, तिला १० मिनिटं पुरतात, वर दोन मिनिटं रंगासाठी. आतलं तापमान ६३ झालं की मासा शिजला. थर्मामीटर नसेल तर मधल्या काट्याजवळ सुरी घालून बघा. काचेसारखा दिसणारा भाग पांढरा झाला आणि पाकळ्या सुटायला लागल्या की बास. पांढरे थेंब बाहेर येऊन वर साकळले असतील तर जरा जास्तच झालंय.

दुसरा बग, पाणी. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तिथलं तापमान १००च्या फार वर जात नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला १४०च्या पुढे जावं लागतं. तव्यावर तेल हे काम चटकन करतं. ओव्हनमध्ये तेवढं पाणी उडेपर्यंत आतला मासा मरतो (तो आधीच मेलेला असतो, पण कळलं ना). म्हणून दोन गोष्टी. मासा धुतल्यावर कापडाने कोरडा पुसायचा, अगदी कोरडा. आणि रवा आधीच भाजून घ्यायचा.

ही रव्याची युक्ती माझी नाही, आईची. मी तिला म्हटलं की रवा वर पांढराच राहतो. ती म्हणाली, ‘मग कच्चा कशाला लावतोस? शिऱ्याला भाजतो तसा भाज आणि लाव.’ एवढंच. मी दोन संध्याकाळी यूट्यूबवर घालवल्या होत्या.

आता प्रमाण सांगतो. सुरमईचे सहा तुकडे, साधारण ७०० ग्रॅम. अर्धा चमचा हळद, दोन चमचे मालवणी मसाला, दीड चमचा आलं-लसूण, एक मोठा चमचा कोकमाचं आगळ, एक मोठा चमचा तेल. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून पाऊण चमचाच घाला. हे वाटण घट्ट असू द्या, ओघळणारं नको. लावून २० मिनिटं ठेवा, सकाळपासून नको. आंबट फार वेळ लागलं की मासा ओव्हनच्या आधीच वरून शिजल्यासारखा होतो आणि मग पिठूळ लागतो.

तेवढ्यात ओव्हन २२०वर तापत ठेवा, दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं तरी. रिकामा ट्रेसुद्धा आतच असू द्या. चार मोठे चमचे बारीक रवा आणि एक चमचा तांदळाचं पीठ दोन चमचे तेलात बदामी रंगावर भाजा. थोडं थंड झालं की माशाला दोन्ही बाजूंनी दाबून लावा. गरम ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर तुकडे, मध्ये बोटभर अंतर. नुसती फॉइल नको, आंबट मसाल्याने ती खाल्ली जाते. शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड. उलटायचं वगैरे काही नाही.

माझं वेळापत्रक असं. आठला घरी, मासा फ्रिजमधून बाहेर, मसाला. ओव्हन चालू. भाताचा कुकर. रवा भाजला. नारळाचं दूध तयार पुड्यातलं, त्यात आगळ, ठेचलेली लसूण आणि मिरची, झाली सोलकढी. आजीला पुड्यातलं दूध मान्य नाही, पण पिते. पावणेनऊला सगळे पाटावर. म्हणजे सोफ्यावर.

सुरमई महाग पडते हे खरं. मग बांगडा घ्या. अख्खा, दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, त्यात मसाला भरून. बांगड्यात स्वतःचंच तेल असतं, तो ओव्हनमध्ये सुरमईपेक्षा जास्त चुका माफ करतो. नवशिक्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी. पापलेटही छान होतं, पण तळहाताहून लहान पापलेट स्वस्तात दिसलं तर घेऊ नका. २०२३मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, ते ही पिल्लं पकडून पकडून मासा कमी होत चालला म्हणूनच. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा ‘ताजी सुरमई’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर ती बर्फात किती दिवस होती ते विचारा.

बरं, मी असा दावा करत नाहीये की हे तळलेल्यासारखं लागतं. नाही लागत. कडेचा तो कुरकुरीत, जवळजवळ करपलेला भाग तव्याशिवाय येत नाही. रविवारी आमच्याकडे अजूनही तवाच असतो. फरक एवढाच की आता घाणे बाबा काढतात. शिकले. आईने शिकवलं, डाव्या हाताने खुणा करत.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी घरी आलो तर आई ओट्याशी उभी, मासा धुऊन तयार. मला वाटलं, संपलं आपलं. ती म्हणाली, ‘मी मसाला लावलाय, तू तुझा डबा तापव.’ ओव्हनला ती डबाच म्हणते. बारा मिनिटं ती टीव्हीसमोर बसली होती. मग चौघांची ताटं एकदम वाढली. तिने पहिला घास खाल्ला, तुकड्यातून अजून वाफ येत होती. आजी म्हणाली, ‘बरा झाला हा, पण मीठ कमी पडला.’

आई म्हणाली, ‘मीठ मी घातलंय.’ मग कोणी काही बोललं नाही.

तर मीठ पाऊण चमचा, पण तुमच्याकडचं आगळ आधी चाखून बघा. आमची बाटली त्या दिवशी नवीन होती. पुढच्या बुधवारी बांगडा आहे. भेटू.