गाणाऱ्याचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणची-पापडांवर बोलावे तर इथे माझ्याहून जाणत्या बसल्या आहेत. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी गाण्यांचे काय चालते ते सांगा. ढोल सगळ्यांना ऐकू येतो, कारण कोणालाच ठाऊक नाही." म्हणून उभी राहिले आहे. आरंभीच शेजाऱ्यांची क्षमा मागते. दुपारी दोन ते चार ड्रम वाजणार नाही, हा आमचा शब्द आहे आणि तो आम्ही पाळू.

आमच्या थोरल्याने दोन मित्रांच्या भागीत चार वर्षांपूर्वी गाण्यांची एक लहानशी कंपनी काढली. तिला ही मुले 'लेबल' म्हणतात. पूर्वी तबकडीच्या मधोमध कंपनीच्या नावाचा गोल कागद चिकटवलेला असे, त्यावरून हा शब्द पडला. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभे करीत नाहीत, असे मराठीत गाणारे चार बँड या मुलांनी हाती घेतले आहेत. कचेरी म्हणजे आमची मागची खोली. भिंतींना जुन्या गोधड्या बांधल्या, की झाला स्टुडिओ. आमचे हे पहिल्या वर्षी म्हणत, "पोरगा कामातून गेला." मी उघड काही बोलले नाही, पण भिशीचे तीस हजार गुपचूप त्याच्या हातावर ठेवले. ते अजून पुरते परत आलेले नाहीत, हेही इथे कबूल करते.

गाणे तयार झाले की ते लोकांच्या मोबाइलवर कसे पोहोचते, हे मलाही ठाऊक नव्हते. मधे एक वितरक असतो. त्याच्याकडे गाणे, मुखपृष्ठाचे चित्र आणि एक तक्ता भरून द्यायचा. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरी-अंकी खूणक्रमांक मिळतो. मग स्पॉटिफायसारख्या ठिकाणी ते एका ठरलेल्या दिवशी लागते. त्या दिवसाच्या निदान तीन-चार आठवडे आधी सगळे पाठवावे, म्हणजे तिथल्या निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडण्याची काही आशा असते. दिवाळीच्या आदल्या रात्री चकलीची भाजणी दळायला टाकून चालत नाही, तसेच हे आहे.

हा तक्ता भरण्याचे काम माझ्याकडे कसे आले ते सांगते. आमच्या एका बँडचे नाव मुलांनी इंग्रजीत एकदा एक 'ए' घालून लिहिले, एकदा दोन घालून. झाले! यंत्राने ते दोन निरनिराळे बँड धरले. पहिली दोन गाणी एकीकडे, नंतरची तीन दुसरीकडे. एक ऐकणाऱ्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. मी म्हटले, "अरे, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या लावते, त्या तरी नीट असतात." त्या दिवसापासून वही माझी. गायक, वादक, कवी, चाल लावणारा, ध्वनिमुद्रण करणारा, प्रत्येकाचे नाव एकाच पद्धतीने लिहायचे आणि ज्याचे त्याला दाखवून मगच पुढे पाठवायचे.

पैशाचेही सांगते, कारण घरोघरी तोच प्रश्न विचारतात. ऐकण्याचे पैसे फार थोडे. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून असा नियम आहे, की मागच्या बारा महिन्यांत गाणे हजार वेळा ऐकले गेले नाही, तर त्या गाण्याचे काहीच मिळत नाही. त्यापेक्षा २००८ साली निघालेल्या बँडकॅम्प नावाच्या पेठेत गिऱ्हाईक गाणे विकत घेतो. तिथे गाण्याच्या शंभर रुपयांतले पंधरा पेठवाला ठेवतो, वस्तूच्या शंभरांतले दहा. देवाणघेवाणीचा खर्च वेगळा. आमचे बनियन, म्हणजे ते टी-शर्ट, तिथूनच जातात. घड्या मी घालते, आणि प्रत्येक पुडक्यात दोन ओळींची चिठ्ठीही घालते. कौतुकाचा निरोप आला तर त्याच दिवशी उत्तर जाते. जाहिरातीवर घातलेल्या पैशापेक्षा या चिठ्ठ्यांनी गिऱ्हाईक अधिक टिकले, असा माझा अनुभव आहे.

एकदा मात्र मुले फसली. "दहा हजारांत लाख वेळा ऐकवून देतो," असे एकाने सांगितले. ऐकणारी माणसे नव्हतीच, सगळी यंत्रे. लबाडी उघडकीस आली आणि गाणे उतरवले गेले. दहा हजार गेले ते गेलेच, खरे ऐकणाऱ्यांची मोजणीही त्याबरोबर गेली.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने आमच्या एका बँडची सगळी गाणी मागितली. रोख पंचवीस हजार! मुले सही करायला निघाली. कागद इंग्रजी होता. मी म्हटले, "आधी तो मला मराठीत वाचून दाखवा, मग कुठे जायचे तिथे जा." मुलगा चिडला. म्हणाला, "आई, तुला यातले काय कळते?"

भगिनींनो, मला त्यातले एकच कळत होते. १९९३ साली मी सातवीत होते. आमच्या गावी कॅसेटवाले आले आणि माझ्या आईचे भजन भरून घेऊन गेले. आईला एक लुगडे आणि नारळ मिळाला. सगळा गाव आनंदला. कॅसेट आली तेव्हा तिच्यावर देवाचे चित्र होते, कंपनीचे नाव होते, खाली लिहिले होते 'भजनी मंडळ व साथी'. आईने ती उलटसुलट करून पाहिली. तिला वाचता येत नव्हते. मला म्हणाली, "माझे नाव कुठे आहे, दाखव बरे." मी दुसऱ्याच एका शब्दावर बोट ठेवले. आई हसली. ते खोटे अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

तोच आवाज आज इंटरनेटवर दुसऱ्याच नावाखाली आहे. मी दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. हाती कागद नाही, काय दाखवणार? गाणाऱ्याचा स्वतःचा असा हक्क आपल्या कायद्यात आला तोच मुळी १९९४ च्या दुरुस्तीने.

हे मी मुलाला त्या दिवशी प्रथमच सांगितले. तो खाली बसला. मग आपल्या मंडळातल्या वकील भगिनींकडे कागद नेला. त्यांनी समजावले, की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. या कागदात 'कायमचे' आणि 'सर्व जगात' हे शब्द मुद्दाम घातले होते. कवीचा आणि चाल लावणाऱ्याचा मानधनातला समान वाटा तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून देताच येत नाही. सही झाली नाही. पंचवीस हजार गेले म्हणून बँडमधला एक मुलगा आमच्यावर रागावला, तो आजही बोलत नाही. त्याला घराची नड होती. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

१९०२ साली कलकत्त्याला गौहरजान गायल्या, तेव्हा तबकडीच्या शेवटी त्यांनी आपले नाव स्वतः उच्चारून ठेवले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या माणसांना कोण गायले ते कळावे म्हणून. आपल्या हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 'परी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या लागतात, त्या गाणारीच्या नावागावासकट. म्हणजे मनात आणले तर हे करता येते.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्यातल्या वयस्क भगिनींच्या ओव्या आणि भजने आमच्या मागच्या खोलीत भरून घेऊ. खर्च मुले सोसतील. प्रत्येकीबरोबर एक पानाचा कागद होईल, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मुदत पाच वर्षे, आलेल्या पैशातला निम्मा वाटा तिचा, आणि नाव तिने सांगितले तसेच. जिला वाचता येत नाही, तिच्या नावावर बोट ठेवून मी स्वतः दाखवीन. या वेळी ते बोट बरोबर शब्दावर असेल.