राजकन्येमागचा स्वर



खान नदीच्या काठचा लालबाग राजवाडा इंदूरकरांना नवा नाही. १८८६ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १९२१ मध्ये पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडविलेली लोखंडी फाटके आणि आत स्प्रिंगांवर बसविलेली नृत्यदालनाची लाकडी जमीन पाहून एखाद्या बालकाला सिंड्रेलाचा राजवाडा तो हाच असे वाटले, तर त्यास हसू नये. ही सिंड्रेला बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती वॉल्ट डिस्ने यांच्या १९५० च्या चित्रपटातील. तिचा चेहरा चित्रकारांच्या कुंचल्यातून उतरला. आवाज मात्र एका हाडामांसाच्या स्त्रीचा होता. त्या स्त्रीचे नाव विचारले, तर भलेभले रसिकही थबकतात. ग्रंथालयाच्या सूचीत अनुवादकालाही जागा असते. परीकथेला कंठ देणारीला ती कोठे मिळावी?

मराठी रसिकाला हा प्रश्न तसा उशिरा पडला. आपल्या संगीत नाटकात दिसणारा आणि गाणारा एकच असे. ‘भावबंधन’मधील लतिका ही मास्टर दीनानाथांची भूमिका, रूप त्यांचे आणि गळाही त्यांचाच. बोलपटात पार्श्वगायन आले आणि देह व स्वर यांची फारकत झाली. रेखाटलेल्या चित्रपटात तर देह मुळी नसतोच. तेथे स्वर हाच प्राण, आणि तरीही तोच अनाम.

१९३७ च्या हिमगौरीची कथा पाहावी. कोवळ्या आवाजाच्या मुलीच्या शोधात डिस्नेंच्या माणसाने गायनशिक्षक गीदो कासेलोत्ती यांना दूरध्वनी केला. घरातील दुसऱ्या यंत्रावरून त्यांची तरुण कन्या आद्रियाना ते संभाषण ऐकत होती. तिने तेथूनच गाऊन दाखविले. रूपाचा प्रभाव पडू नये म्हणून डिस्ने पडद्याआड बसून उमेदवारांचे आवाज ऐकत. निवड अशी निर्मळ. पण चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा श्रेयनामावलीत एकाही आवाजाचे नाव नव्हते. हिमगौरी खरीच कोठेतरी असावी हा भास मोडू नये, एवढ्यासाठी जिवंत माणूस झाकला गेला. भासाची ही किंमत अवाजवी होती, असेच म्हणावे लागते.

आणि हे केवळ अमेरिकेत घडले असेही नाही. दीनानाथांची जी कन्या २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मली, तिचे पहिले नाव हेमा. पुढे ‘भावबंधन’मधील त्या लतिकेवरून ती लता झाली. नाटकातील पात्राचे नाव तिने आयुष्यभर मिरविले. परंतु १९४९ मध्ये दुसऱ्या एका पात्राने तिचे नाव गिळले. ‘महल’ चित्रपटात मधुबालेच्या मुखी असलेले, खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेले गीत लताबाईंनी गायिले. स्वर दुरून जवळ येत असल्याचा परिणाम साधावा म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिक्षेपकापाशी आल्या. इतकी मेहनत! आणि ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील नायिकेचे नाव. आकाशवाणीकडे श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला, ही कामिनी कोण? तेव्हा कोठे खरे नाव शोधून जाहीर करण्यात आले. नाव देण्याची निकड निर्मात्यांना वाटली नव्हती, ती ऐकणाऱ्यांना वाटली, हे विसरता येत नाही.

पुढचा झगडा लताबाईंनी स्वतः केला. पार्श्वगायनाला पारितोषिक नाही म्हणून फिल्मफेअरच्या सोहळ्यात गाण्यास त्यांनी नकार दिला. १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झाले आणि पहिल्यांदा त्यांनाच मिळाले. मानधनाव्यतिरिक्त ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतही गायकाचा वाटा असावा, या मागणीवरून रफीसाहेबांशी काही वर्षे दुरावा आला, तोही त्यांनी सोसला. अमेरिकेत पेगी ली या गायिकेने चित्रफितींच्या विक्रीतील हिश्श्यासाठी डिस्ने कंपनीला न्यायालयात खेचले व १९९१ मध्ये दावा जिंकला.

आता पुन्हा सिंड्रेलेकडे. तिचा आवाज आयलीन वुड्स यांचा. संगीतकार मित्रांसाठी त्यांनी नमुन्यादाखल काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती डिस्नेंच्या कानी पडली आणि शोध संपला. फरशी पुसताना साबणाच्या फुग्यांत सिंड्रेलाची अनेक प्रतिबिंबे गाऊ लागतात, त्या प्रसंगी हे सारे स्वर एकट्या आयलीनबाईंचेच. एकावर एक ध्वनिमुद्रित केलेले. आणि यावेळी श्रेयनामावलीत त्यांचे नाव होते. ‘महल’ला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते.

आयलीनबाई २०१० मध्ये निवर्तल्या. अखेरच्या काळात स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते. आपण कधीकाळी सिंड्रेला होतो, हेही त्यांना आठवत नसे. परंतु त्या चित्रपटातील त्यांचे स्वप्नगीत लावले की त्या शांत होत, असे त्यांच्या परिचारिका सांगत.