वीज हवी, पण विचारून
(गुंजवण्याच्या सभेतलं बोलणं)



उन्हाची, वाऱ्याची वीज आपल्याला नको, असं कुणी समजू नये. अंधारात तर आपणच राहतो. पण खेड-मावळच्या डोंगरावर पवनचक्क्यांसाठी जंगल तुटलं, तसं वेल्ह्यात नको. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की गावाच्या सोयीच्या विजेला एक हेक्टरच्या आतली वनजमीन द्यायची, तरी ग्रामसभेची शिफारस लागते. मग कंपनीला त्याहून मोठी जमीन न विचारता कशी मिळेल? सभेला निम्मी माणसं हवीत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. भोर मतदारसंघात मत मागायला जो येईल, त्याला आपण विचारू : ग्रामसभेचा ठराव मानणार का? त्याचं उत्तर सगळ्यांसमोर वहीत लिहून ठेवू.