रातांब्याची बी आणि आंब्याची कोय



पाटीपेन्सिलीच्या सहवासांत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तरानें अंगाला लावावयाच्या मलमांवर भाषण करावें, याचें आपल्या घरांतील भगिनींना हंसूं येईल. तें मला मान्य आहे. पण गेल्या दिवाळींत माझी मुलगी मुंबईहून आली, तिनें काचेची एक इवलीशी डबी आईच्या हातांत ठेविली व म्हणाली, "आई, टांचांना हें लाव, फार गुण येतो." आमच्या मंडळींनीं डबी उघडली, वास घेतला, बोटावर चोळून पाहिलें आणि त्या म्हणाल्या, "अग, हें तर आपलें मुठेल!" डबीवर कोकमाचें लॅटिन नांव होतें, किंमत होती, आणि फळप्रक्रियेंतील टाकाऊ भागापासून हें बनविलें आहे अशी प्रौढीहि छापलेली होती. तो टाकाऊ शब्द माझ्या मनांत खटकला. आजचें भाषण त्या शब्दांतून निघालें आहे.

मुठेल म्हणजे काय, हें शहरांतील पुष्कळांस ठाऊक नसेल. कोंकणांत एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. फळ फोडून सालींची आमसुलें करावयाचीं, रसाचें आगळ करावयाचें, आणि मग टोपलींत बिया उरतात. एका फळांत सामान्यतः पांच ते आठ. माझी आई त्या धुऊन, कडकडीत वाळवून माळ्यावर ठेवीत असे. पावसाळ्यांत शेतांतील कामांतून सवड मिळाली म्हणजे बिया फोडून आंतला गर कुटावयाचा, पाण्यांत घालून चुलीवर पुष्कळ वेळ कढवावयाचा, आणि रात्रभर तसाच ठेवावयाचा. सकाळीं पाण्यावर पिवळसर पांढरी साय थिजलेली असे. ती काढून पुन्हां पातळ करावयाची व निवूं लागतांच मुठींत दाबून तिचे गोळे वळावयाचे. मुठींत वळतात म्हणून मुठेल. हिंवाळ्यांत भेगाळलेल्या टांचांना, उकललेल्या ओंठांना आम्हां भावंडांच्या वांट्याला हेंच औषध येई. त्याचा धुरकट वास मला अद्यापि आठवतो. आमच्या घरीं तरी त्या बीला कोणी टाकाऊ म्हटल्याचें मला स्मरत नाहीं.

वाळलेल्या बीच्या वजनाचा सुमारें पाव हिस्सा स्निग्ध पदार्थाचा असतो. घरगुती रीतीनें मात्र तितका हातीं लागत नाहीं. त्यांत स्टिअरिक व ओलेइक या दोन आम्लांचा अंश फार मोठा. त्यामुळें तें तेल सुमारें ४० अंश सेल्सिअसपर्यंत घट्ट राहतें, आणि तळहातावर चोळलें कीं सैल होऊं लागतें. कातडीवर त्याचा पातळ थर बसतो व आंतील ओलावा उडून जाण्याचें प्रमाण कमी होतें. भेग भरून येते ती यामुळें. हें तेल त्वचेला तारुण्य देतें वगैरे जें जाहिरातींत लिहितात, तें जाहिरातीपुरतेंच समजावें.

आंब्याच्या कोयीची गोष्ट याच जातीची आहे. आमरसाच्या कारखान्यांत फळाच्या वजनाचा शेंकडा ३५ ते ६० इतका भाग साल व कोय यांच्या रूपानें बाहेर पडतो. रोपवाटिकांचे लोक कांहीं कोयी कोय-कलमें करण्यासाठीं नेतात. बाकीच्या ढिगाऱ्यावर मे महिन्याच्या अखेरीस किती माशा घोंघावतात, तें रत्नागिरीकडील प्रवाशांस सांगावयास नको. त्याच कोयीच्या वाळलेल्या गरांत शेंकडा ७ ते १५ स्निग्धांश असतो. तोहि कोकमासारखाच घट्ट, थोड्या कमी उष्णतेस वितळणारा. युरोपीय संघानें २००० सालीं चॉकलेटविषयीं जो नियम केला, त्यांत कोकोच्या लोण्याच्या जोडीला म्हणून ज्या सहा वनस्पतींचे स्निग्ध पदार्थ मर्यादेंत वापरण्यास मुभा दिली, त्यांत कोकम, आंब्याची कोय व साल वृक्षाची बी अशीं तीन नांवें आपल्याकडील झाडांचीं आहेत. जो गुण चॉकलेटला जिभेवर विरघळवितो, तोच मलमाला तळहातावर विरघळवितो.

मग एवढें सोपें असतांना कोयी कुजतात कां? याचें उत्तर मीं पुस्तकांतून नव्हे, फजितींतून शिकलों. तीन वर्षांपूर्वीं आमच्या गांवच्या बचत गटांतील बायकांनीं कोकमाच्या बिया एकत्र विकावयाचें ठरविलें. हिशेब लिहिण्यास मी होतों. सर्वांचें लक्ष आमसुलांकडे. बिया ओल्याच गोणींत भरून ओसरीवर आठ दिवस पडून राहिल्या, आणि पुढें आभाळ आलें. शहरांतून आलेल्या गृहस्थानें चार बिया फोडल्या, नाकाशीं नेल्या व मान हालविली. गर तपकिरी पडला होता. चूक त्याची नव्हती, आमचीच होती. बीमध्यें ओल राहिली कीं बीमधीलच विकरें तेलाचें विघटन करून आम्लें मोकळीं करितात. वर बुरशी चढते, आणि कांहीं बुरशी तर विषारी द्रव्येंहि निर्माण करितात. असलें तेल कपडे धुण्याच्या साबणास कदाचित् चालेल, लेंकराच्या गालाला कसें चालावें? फळ फोडल्यापासूनचे पहिले दोन दिवस ज्यानें सांभाळले, त्यानेंच पुढचें सारें सांभाळलें. तेथें हयगय झाली तर टाकाऊ हा शब्द खरा ठरतो.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. फळाचें जें उरेल तें चेहऱ्याला फांसावें, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणीं करूं नये. काजूच्या टरफलांतील तेलानें हात कसे भाजून निघतात, हें काजू सोलणाऱ्या बायकांना विचारा. आंबा हा त्याच काजूच्या कुळांतला. त्याच्या चिकांत व सालींत तसलींच द्रव्यें अल्प प्रमाणांत असतात, व कांहींजणांच्या अंगावर त्यामुळें पुरळ उठतो. लिंबाच्या सालीचा रस कातडीवर ठेवून उन्हांत गेल्यास काळे डाग, क्वचित् फोडहि येतात. वाळलेल्या संत्र्याच्या सालीची पूड पुष्कळ घरांत उटण्यांत घालतात. ती घालावी, परंतु बाजारच्या फळावर औषध फवारलेलें असतें, तेव्हां साल आधीं चांगली धुवावी. कोणतीहि नवी वस्तु प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

आतां त्या डबीच्या किंमतीविषयीं. मधल्या माणसाला पैसा फुकट मिळतो, असें मी म्हणत नाहीं. घाण्यावर तेल काढणें, गाळणें, शुद्ध करणें, धुरकट वास घालविणें, तपासणी करून घेणें, यांस यंत्रें व भांडवल लागतें. पण बी धुणारी, वाळविणारी व फोडणारी बाई त्या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं. तिच्याकडून बी कचऱ्याच्या भावानें घ्यावयाची, आणि डबीवर मात्र कचऱ्याचें सोनें केल्याची शेखी मिरवावयाची, हा व्यवहार मला पटत नाहीं.

यंदा आमच्या बायकांनीं रीत बदलली. सकाळीं फळें फोडलीं कीं त्याच दिवशीं बिया धुऊन, जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर पसरल्या. सायंकाळीं त्या आंत घ्यावयाच्या, पुन्हां सकाळीं बाहेर. बी कानाशीं हालवून आंतला गर खुळखुळूं लागेपर्यंत हा क्रम चालला, आणि मृगाच्या आधीं गोण्या माळ्यावर चढल्या. तेच गृहस्थ पुन्हां आले. चार बिया फोडून पाहिल्या व समाधानानें त्यांनीं किलोचा भाव सांगितला. आमच्या शेजारच्या वहिनी, ज्यांनीं चौथीनंतर शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं, त्यांनीं विचारलें, "हा भाव बियांचा सांगतां, कीं आंतल्या तेलाचा?" विचार करून कळवितों असें सांगून ते गेले आहेत. गोण्या अद्यापि माळ्यावरच आहेत.