खिशातील कार्यप्रणाली आणि किल्लीचा प्रश्न



संगणक ज्याने विकत घेतला तो त्याचा धनी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत यंत्रात काय घडते हे पाहिले, की ही समजूत तपासून घ्यावी लागते.

बटण दाबताच मुख्य पटलावरील चिपमध्ये साठवलेली एक छोटी आज्ञावली जागी होते आणि कार्यप्रणाली कोठे आहे याचा ठरलेल्या क्रमाने शोध घेते. त्या क्रमात पेन ड्राइव्हला अग्रस्थान दिले, तर यंत्रातील डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरील कार्यप्रणाली सुरू होते. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, यंत्राच्या भागांचे ओळखक्रमांक वाचतो आणि त्यांना जुळणारे ड्रायव्हर उचलतो. म्हणून तोच ड्राइव्ह आज एका संगणकावर, उद्या दुसऱ्यावर चालतो. मूळ प्रत बहुधा केवळ वाचनापुरती असते. बदल रॅममध्ये राहतात आणि यंत्र बंद होताच नाहीसे होतात. काम जपायचे, तर ड्राइव्हवर वेगळी जागा राखावी लागते.

ही सोय अनेकांच्या सामायिक श्रमांतून उभी राहिली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली; लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. त्या पायावर जर्मन अभियंते क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ प्रसिद्ध केली. सुमारे दोन जीबींचा ऐवज आकसून एका सीडीत बसविलेली ही कार्यप्रणाली कोणीही उतरवून घ्यावी, वाटावी, बदलावी, अशी मुभा होती. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये ‘विंडोज टू गो’ आणली. ती मुख्यतः मोठ्या संस्थांच्या आवृत्तीपुरती होती आणि २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. कृपेने मिळालेली सोय आणि हक्काने मिळालेली सोय यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

आता किल्लीचा प्रश्न. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ‘सिक्युअर बूट’ रूढ झाले. मान्य स्वाक्षरी असलेली आज्ञावलीच यंत्र सुरू करू शकेल, असा हा पहारा. तो निरर्थक नाही. कुलूपबंद न केलेली डिस्क परक्याच्या पेन ड्राइव्हने वाचता येते आणि यंत्र सुरू होतानाच घुसणारे विषाणूही असतात. परंतु बहुतेक यंत्रांत मान्यतेची किल्ली मायक्रोसॉफ्टची असते, आणि लिनक्सच्या अनेक वितरणांना तिचीच स्वाक्षरी घ्यावी लागते. हा पहारा बंद करण्याची मुभा विंडोज ८ च्या संगणकांवर सक्तीची होती. विंडोज १० च्या वेळी, २०१५ मध्ये, ती उत्पादकाच्या मर्जीवर सोडण्यात आली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कित्येक धडधाकट यंत्रे त्यामुळे भंगाराच्या वाटेवर आहेत. त्यांतील पुष्कळांना एका पेन ड्राइव्हने पुन्हा कामास लावता येईल. अट एकच, दार उघडण्याचा अधिकार मालकाकडे असला पाहिजे. शाळा, ग्रंथालये आणि सरकारी कचेऱ्या जनतेच्या पैशाने संगणक घेतात. त्यांनी खरेदीच्या करारातच ही अट घालावी. पहारा अवश्य असावा. किल्ली मात्र घरधन्याच्या हाती असावी.