प्रार्थनेला मी बसून होते



सकाळी प्रार्थनेला सगळे उभे राहिले आणि मी खुर्चीतच बसून होते. मागे कुजबूज झाली, ती ऐकू आली. कान अजून शाबूत आहेत!

मला अकरा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचं प्लॅस्टिक निघावं तसं. मग मेंदूचे निरोप पायापर्यंत धड पोचत नाहीत. हा आजार संसर्गजन्य नाही, तेव्हा माझ्या डब्यातलं खुशाल खा.

मेळावा मे महिन्यात नको, डिसेंबरात घ्या, हा हट्ट माझाच होता. अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. ऊटहोफ या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही मी कोमटच पाणी घेते.

थकवा मात्र कोणाला दिसत नाही. तो आळस नव्हे. जड काम मी सकाळीच उरकते, पोळ्या स्टुलावर बसून लाटते, दुपारी अर्धा तास आडवी होते. व्यायाम रोज, पण थोडा आणि पंख्याखाली. ताप किंवा लघवीचा संसर्ग झाला तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात, म्हणून आधी ती तपासणी. नवं लक्षण दिवसभर टिकलं, तर डॉक्टरांना फोन.

एक चूक सांगते. बरं वाटतंय म्हणून एकदा इंजेक्शनं मी स्वतःच बंद केली. आठ महिन्यांत उजव्या पायातलं बळ गेलं, ते पूर्ण परत आलं नाही. ही काठी तेव्हाची. कुणाच्या घरी हा आजार असेल, तर त्यांना एवढं तरी सांगा.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात या आजाराचं नाव आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. लाजेपायी मी चार वर्षं अर्जच केला नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे, तिथेही मी उशिराच गेले.

आता तुमच्याबद्दल. जिन्यावर माझा हात धरून ओढू नका. तुमचा दंड पुढे करा, मी धरीन. आणि जेवणाची रांग लांब आहे, माझं ताट कोणीतरी आणा. मठ्ठा गार असेल तर दोन वाट्या.