ही नॉर्मल रेंज कोणाची?



"तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल," असं संयोजकांनी सांगितलं. मी पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर लिहिते. रिपोर्टवर आकड्याशेजारी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते आणि आकडा तिच्याबाहेर गेला की ठळक होतो, ते आमचं काम. त्यातल्या एकाच आकड्याबद्दल आज बोलते, कारण तो बाळंतिणीच्या जिवाशी जोडलेला आहे.

जखम झाली की रक्तातल्या फायब्रिनोजेनपासून तंतू बनतात, त्यांचं जाळं होतं आणि रक्त गोठतं, हे आपण शाळेतच शिकलो. वार सुटते तिथे गर्भाशयाला मोठी जखमच होते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळतं, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि पुढचं काम गोठण्याचं. शरीर त्याची आधीच तयारी करतं. एरवी डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असणारं फायब्रिनोजेन गरोदरपणाच्या शेवटी ४०० ते ६०० पर्यंत वाढतं.

अतिरक्तस्रावात हेच फायब्रिनोजेन सगळ्यात आधी घसरतं. नुसतं सलाइन चढत राहिलं तर उरलेलंही पातळ होतं. समजा, आकडा २१० आला. छापील रेंजमध्ये तो बसतो, ठळक होत नाही. पण त्या बाईनं जवळपास निम्मं किंवा त्याहूनही जास्त गमावलेलं असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, २०० किंवा त्याखाली गेलेल्या सगळ्या जणींचा रक्तस्राव पुढे गंभीर झाला होता. आमच्या मीटिंगमध्ये एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं होतं, "ही नॉर्मल रेंज कोणाची?"

उपचार आहेत, पण ते घड्याळाशी बांधलेले आहेत. गर्भाशय आवळण्याची औषधं तर लागतातच. त्यासोबत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं की बनलेली गुठळी विरघळत नाही. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी शोधलेलं हे औषध. २१ देशांतल्या २०,०६० स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले: पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. निष्कर्ष यायच्या आदल्याच वर्षी ओकामोतोबाई गेल्या.

फायब्रिनोजेन कमी पडलं तर ते बाहेरून द्यावं लागतं, बहुतेक ठिकाणी क्रायोप्रेसिपिटेट या रक्तघटकातून. तो गोठवून ठेवतात आणि वितळवायला वेळ लागतो, म्हणून मागणी लवकर जावी लागते. लॅब जवळ नसेल तरी साध्या काचेच्या नळीत रक्त धरून ठेवता येतं. सात मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही, तर गोठण्यात बिघाड आहे असं समजायचं.

आपल्यातल्या कोणाच्या मुली, कोणाच्या भाच्या आता संसाराला लागतील. दिवस भरायच्या आधीच हॉस्पिटलला विचारा: रक्तपेढी किती लांब आहे? प्लाझ्मा आणि क्रायो तिथे मिळतं का? अडचण आली तर कुठे हलवणार? आणि एका मोठ्या माणसाला लागणारं क्रायो साधारण दहा दात्यांच्या रक्तातून जमतं. या सभागृहातल्या दोन रांगांत तेवढी माणसं सहज बसली आहेत.